निवडणुकीचा हंगाम आणि कापडवाल्याचा गल्ला

कापडाच्या धंद्यात वर्षाचे हंगाम ठरलेले असतात. लग्नसराईचा बस्ता, रमजान ईद, दिवाळी आणि शाळा उघडण्याचा जून महिना. गेल्या दोन वर्षांत आमच्या भागातील बाजारपेठांत आणखी एक हंगाम येऊन गेला. ७ मे २०२४ रोजी उस्मानाबाद लोकसभा मतदारसंघाचे मतदान झाले, २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचे झाले आणि डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. प्रत्येक वेळी झेंडे, टोप्या, उपरणी, पंचे आणि साड्या यांची मागणी आली. प्रत्येक वेळी दुकानाच्या गादीवर बसून आम्ही व्यापारी मंडळींनी एकच हिशेब केला, कोण निवडून आला तर आपले काय होईल? या लेखात आम्हाला याच हिशेबाची तपासणी करावयाची आहे.

सुरुवातीलाच स्पष्ट केलेले बरे. व्यापाऱ्याने स्वतःचा फायदा पाहणे यात गैर काही नाही. इस्लामने तिजारतीला इज्जत दिली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतः व्यापार केला. नफा मिळविण्यासाठीच दुकान उघडले जाते, खैरातीसाठी नव्हे. तेव्हा 'स्वार्थ सोडा आणि समाजसेवा करा' असा उपदेश येथे करावयाचा नाही. असा उपदेश ऐकून लोक मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आपल्या कामाला लागतात. प्रश्न वेगळा आहे. कोणता फायदा हलाल आणि कोणता नाही? आणि आपला फायदा व गावाचा फायदा यांची जेथे खरोखरच टक्कर होते, तेथे आपण काय करणार?

प्रथम मालाच्या विक्रीचा विचार करू. एखाद्या उमेदवाराने पाचशे उपरणी मागितली, त्याचे बिल झाले, पैसे आले, तर तो स्वच्छ व्यवहार आहे. कोणत्याही पक्षाचे उपरणे विकणे म्हणजे त्या पक्षात जाणे नव्हे. परंतु साडीचा प्रकार निराळा असतो. धंद्यातील सर्वांना ठाऊक असलेली पद्धत अशी की, मतदार यादी पाहून चिठ्ठ्या वाटल्या जातात, चिठ्ठी घेऊन बाई दुकानात येते, दुकानदार साडी देतो आणि चिठ्ठ्यांचा हिशेब नंतर होतो. बिल एक तर होत नाही किंवा तिसऱ्याच नावाने होते. येथे दुकानदार साडी विकत नाही. तो लाच वाटण्याचे काम अंगावर घेतो आणि त्या कामाची दलाली खातो.

भारतीय न्याय संहितेचे कलम १७० मतासाठी लाच देणारा आणि घेणारा या दोघांनाही दोषी धरते. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत हीच तरतूद १७१-ब या कलमात होती. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानेही लाच हा भ्रष्ट आचार ठरविला आहे. शरीअतचा हुकूम तर त्याहून जुना आहे. लाच देणारा आणि घेणारा या दोघांवर प्रेषितांनी (स.) लानत केल्याचे हदीसमध्ये आले आहे आणि मध्ये राहून सौदा जुळविणाऱ्यालाही काही रिवायतींत त्यांच्याच रांगेत बसविले आहे. चिठ्ठीवर साडी देणारा दुकानदार या तिघांपैकी कोण, हे ज्याचे त्याने ठरवावे.

बरे, निव्वळ धंद्याच्या नजरेने पाहिले तरी हा सौदा फायद्याचा आहे काय? समजा तीनशे रुपयांच्या पाचशे साड्या गेल्या. दीड लाखाचा माल झाला. दहा टक्के सुटले तर पंधरा हजार नफा. आता उमेदवार पडला तर पैसे कोणाकडे मागायचे? चिठ्ठी घेऊन कोर्टात जाता येत नाही. उमेदवार निवडून आला तर तो पैशाऐवजी 'तुमचे काम करून देतो' म्हणतो आणि काम म्हणजे बहुधा दुसऱ्याचा हक्क मारून दिलेली सवलत असते. बिनबिलाच्या मालाचा जीएसटीचा धोका वेगळाच. इकडे सुरतेच्या पेढीला मात्र ठरलेल्या मुदतीत पैसे पाठवावेच लागतात. ती पेढी निकालाची वाट पाहत नाही. पंधरा हजारांच्या आशेने दीड लाख अडकविणे याला व्यापार म्हणत नाहीत.

दुसरा मुद्दा 'कामा'चा. निवडणूक आली की आम्हा व्यापाऱ्यांचे शिष्टमंडळ उमेदवाराकडे जाते. मागण्या काय असतात? नगरपरिषदेच्या संकुलातील गाळा, दुकानापुढच्या ओट्याला अभय, घरपट्टीत सूट, हातगाडीवाल्यांना हटविणे. पाणी, गटार, शाळा, दवाखाना या गोष्टी यादीत शेवटी येतात, तेही कागद भरल्यासारखा दिसावा म्हणून. आमचे म्हणणे असे की, ही यादी व्यापाऱ्याच्याच नुकसानीची आहे.

परंड्याच्या बाजारात गिऱ्हाईक कोण आहे? शेतकरी, शेतमजूर, ऊसतोडीला जाणारा, आठवडी बाजाराला येणारा. त्याच्या हातात पैसा असेल तर आमचा गल्ला भरतो. २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळात या भागातील पेठांनी काय दिवस पाहिले ते कोणी विसरलेले नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्या वर्षी लग्ने पुढे ढकलली गेली आणि झाली तेथे बस्ता निम्म्यावर आला. नंतर सप्टेंबर २०२५ मध्ये उलटेच घडले. सीना नदीला पूर आला, परंडा तालुक्यातील गावांना पाण्याने वेढले आणि माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढण्याची वेळ आली. पिके गेली, जनावरे गेली, शेतातील माती वाहून गेली. त्यानंतर महिन्याभरातच दिवाळी होती. दुकानात रोषणाई होती, गिऱ्हाईक नव्हते. ओट्याला अभय मिळाल्याने त्या दिवाळीत कोणाचा एक ताका जास्त खपला काय?

म्हणून पाण्याचा प्रश्न हा 'शेतकऱ्यांचा प्रश्न' म्हणून बाजूला ठेवता येत नाही. कृष्णा खोऱ्यातील मराठवाड्याच्या वाट्याचे २३.६६ टीएमसी पाणी, त्यापैकी पहिल्या टप्प्यातील ७ टीएमसी, हे आकडे आम्ही वर्षानुवर्षे सभांतून ऐकत आलो आहोत. किती व्यापाऱ्यांनी कोणत्या उमेदवाराला विचारले की, काम कोठवर आले आणि पुढच्या पाच वर्षांत आमच्या तालुक्यात किती पाणी पोहोचेल? सीना-कोळेगावचे धरण आमच्याच तालुक्यात आहे. त्याच्या कालव्यांची स्थिती विचारण्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही. परंड्याच्या किल्ल्याने निजामशाहीचे दिवस पाहिले आहेत. अहमदनगर पडल्यावर १६०० मध्ये मलिक अंबरने मुर्तजा निजामशहाला येथेच तख्तावर बसविले. त्या मलिक अंबरने किती सरदारांना खिलअती वाटल्या, हे आज कोणी सांगत नाही. खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, त्याने आणलेली पाण्याची नहर मात्र चारशे वर्षांनंतरही त्याच्याच नावाने ओळखली जाते.

येथपर्यंतचा हिशेब सोपा होता. गावाचे भले झाले तर व्यापाऱ्याचेही भले होते, एवढे कोणीही मान्य करील. अवघड भाग पुढे आहे. काही वेळा गावाच्या फायद्यात आपले खरेखुरे नुकसान असते, आणि ते गोड बोलून झाकता येत नाही.

आमच्याच धंद्यातील उदाहरण घेऊ. राज्य सरकारने २०२३ मध्ये निर्णय घेतला की, अंत्योदय शिधापत्रिका असलेल्या प्रत्येक कुटुंबाला वर्षातून एक साडी मोफत द्यावयाची. २०२३ ते २०२८ अशी ही योजना ठरली. राज्यात अशी चोवीस-पंचवीस लाख कुटुंबे आहेत. साड्या यंत्रमागावर विणलेल्या आणि वाटप रेशन दुकानातून. पहिले वाटप २०२४ च्या होळीच्या सुमारास, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर आले. किरकोळ कापड दुकानदारांत नाराजी पसरली आणि ती समजण्यासारखी आहे. होळी-पाडव्याला दोन-तीनशेची साडी घेणारे गिऱ्हाईक हे छोट्या गावातील दुकानाचे मुख्य गिऱ्हाईक. तिला सरकारने साडी दिली तर तेवढी विक्री कमी होणारच.

आता दुसरी बाजू पाहा. ज्या बाईच्या घरी वर्षाला एक साडी घेताना दहा वेळा विचार होतो, तिला साडी मिळाली. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीचे माग मंदीने बंद पडत असताना यंत्रमागाच्या कापडाला मागणी निघाली. त्या मागांवर राबणाऱ्यांत आमचे अन्सारी, मोमीन बांधव हजारोंनी आहेत. दुकानदाराचे नुकसान खरे, तसाच गरीब बाईचा आणि विणकराचा फायदाही खरा. अशा वेळी 'योजना बंद करा' अशी मागणी करणे आम्हाला जमणार नाही. आपली विक्री घटली एवढ्या कारणावरून गरिबाच्या अंगावरचे वस्त्र काढून घ्या, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

परंतु प्रश्न विचारण्याचा हक्क आम्हाला जरूर आहे. कापड पाहण्यात ज्यांची उमर गेली त्यांनी कापडाचा पोत, रंग, लांबी यांवर बोलावे. साडी टिकाऊ आहे काय, धुतल्यावर रंग राहतो काय, हे आमच्याइतके कोणाला कळते? आणि वेळेचा प्रश्न विचारावा. तामिळनाडूत पोंगल सणाला गरिबांना धोतर-साडी देण्याची योजना १९८३ पासून चालत आली आहे. सरकारे बदलली, पण सण बदलला नाही. त्यामुळे विणकराला मागणी आधीच कळते आणि दुकानदारही त्या अंदाजाने माल भरतो. लोकहिताची योजना आणि निवडणुकीचे आमिष यांत फरक कसा ओळखावा, याची कसोटी येथे मिळते. जी मदत नियमाने, ठरलेल्या दिवशी, मत कोणाला दिले हे न विचारता मिळते आणि न मिळाल्यास तक्रार करता येते, तो हक्क आहे. जी मतदानाच्या आदल्या रात्री येते आणि निकालानंतर बंद होते, ते आमिष आहे. पहिल्या प्रकारच्या मदतीने आमचे नुकसान झाले तरी ते सोसावे. दुसऱ्या प्रकाराने आमचा फायदा झाला तरी तो सोडावा.

हे बोलणे सोपे आणि करणे कठीण, याची आम्हाला जाणीव आहे. म्हणूनच कुरआनने सूरह निसामध्ये न्यायाची साक्ष देण्याचा आदेश देताना स्वतःविरुद्ध, आईबापांविरुद्ध आणि नातेवाइकांविरुद्ध जात असली तरी ती द्या, असे स्पष्ट सांगितले आहे. अनेक उलेमांनी मताला शहादत, म्हणजे साक्ष म्हटले आहे. हा माणूस या कामास लायक आहे, अशी साक्ष आपण मतपेटीपुढे देत असतो. त्याने आपल्याला गाळा दिला म्हणून तो लायक ठरत नाही, आणि आपला ओटा काढला म्हणून नालायकही ठरत नाही.

आमच्या धंद्यातील दोन बुजुर्गांची आठवण येथे करून द्यावीशी वाटते. हजरत अबू बक्र (रजि.) कापडाचे व्यापारी होते. खलीफा झाल्यावरही ते खांद्यावर कापड टाकून बाजाराकडे निघाले. वाटेत हजरत उमर (रजि.) यांनी अडविले की, आता मुसलमानांचा कारभार कोण पाहणार? मग बैतुलमालमधून त्यांच्या घरखर्चापुरते मानधन ठरले आणि व्यापार थांबला. कारभारी आणि दुकानदार एकाच वेळी राहिले तर एकाचा हक्क बुडणार, ही गोष्ट त्या वेळी उमजली होती. आज उमेदवारांच्या याद्यांत ठेकेदार किती आणि दुकानदार किती ते पाहिले म्हणजे ही गोष्ट किती विसरली गेली ते कळते. दुसरे इमाम अबू हनीफा (रह.). कूफ्यात त्यांचे कापडाचे दुकान होते. भागीदाराने एका थानातील दोष गिऱ्हाइकाला न सांगता माल विकला. गिऱ्हाईक सापडेना, तेव्हा इमामसाहेबांनी त्या मालाची सगळी रक्कम खैरात करून टाकली. सदोष थान न सांगता विकणे ज्यांना मंजूर नव्हते, त्यांचे नाव घेणारे आम्ही सदोष उमेदवार मोहल्ल्याच्या गळ्यात कसा मारू शकतो?

मोहल्ल्याचा विषय निघालाच आहे तर तोही बोलून टाकू. २०२४ मध्ये परंडा विधानसभेचा निकाल दोन लाखांवर मतदान होऊनही दीड हजारांच्या आसपास मतांनी लागला. असा निकाल लागला की पुढच्या वेळी प्रत्येक गल्लीचा भाव वाढतो. मग काही मंडळी उमेदवाराला सांगतात, 'एवढी मते माझ्या हातात आहेत.' ठोक भावाने सौदा होतो. पैसे एकाच्या खिशात जातात आणि मोहल्ल्याच्या वाट्याला बिर्याणीची एक देग येते. व्यापाराचा साधा मसला आहे, जो माल आपल्या मालकीचा नाही तो विकता येत नाही. शरीअतमध्येही अशी विक्री जायज नाही. दुसऱ्याचे मत हा कोणाच्याही मालकीचा माल नव्हे. मतदान गुप्त आहे आणि कोणी कोणाला मत दिले हे त्या दलालालाही कळत नाही. तेव्हा विकणाऱ्याचा माल नाही आणि घेणाऱ्याला ताबा नाही, असा हा सौदा आहे. आमच्या तरुणांनी या दलालांना तोंडावर विचारावे की, मुखत्यारपत्र कोणी दिले?

'आपला माणूस' हा युक्तिवादही तपासून घ्यावा. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने निर्णय दिला की, धर्म, जात, वंश, पंथ किंवा भाषेच्या नावावर मते मागणे हा भ्रष्ट आचार आहे. हा कायदा सर्वांना लागू आहे. दुसऱ्याने धर्माच्या नावावर मत मागितले की आम्ही नाराज होतो. मग तीच गोष्ट आमच्या गल्लीत खपवून कशी घ्यावी? कब्रस्तानची भिंत आणि शादीखाना यांची गरज आहे, ती जरूर सांगावी. पण नळाला पाणी आठ दिवसांनी आले तर ते सर्वांनाच आठ दिवसांनी येते. उर्दू शाळेत शिक्षक नाही ही तक्रार करताना शेजारच्या मराठी शाळेचे गळके छतही त्याच अर्जात लिहिले, तर अर्जाचे वजन दुप्पट होईल.

बड्यांचा स्वार्थ हा स्वतंत्र विषय आहे. कंपन्यांना नाव गुप्त ठेवून पक्षांना पैसे देता यावेत अशी निवडणूक रोख्यांची योजना २०१८ पासून चालली. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरविली. कोणी कोणाला किती दिले हे मतदाराला कळले पाहिजे, हे त्या निकालाचे सार आहे. दिल्ली-मुंबईच्या शेठ लोकांना लागू होणारे तत्त्व परंड्याच्या पेठेलाही लागू पडते. प्रत्येक पक्षाला थोडी थोडी रोख वर्गणी देऊन 'सर्वांशी चांगले' ठेवण्याची आमची सवय म्हणजे त्या रोख्यांचीच छोटी आवृत्ती आहे. द्यायचे असेल तर धनादेशाने, पावती घेऊन द्यावे. पावती घेण्याची लाज वाटत असेल तर देऊ नये.

आता काही व्यवहाराच्या सूचना. पुढच्या निवडणुकीला त्या उपयोगी पडतील.

पहिली, निवडणुकीचा कोणताही माल चिठ्ठीवर देऊ नये. उमेदवाराच्या किंवा पक्षाच्या नावाने पक्के बिल करावे आणि निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. साड्यांची मागणी आली तर सरळ नकार द्यावा. पेठेतील सगळ्या कापड दुकानदारांनी मिळून हे ठरविले तर एकावर वाईटपणा येणार नाही.

दुसरी, लोकसभा-विधानसभेच्या वेळी रस्त्यावर तपासणी पथके असतात. निवडणूक आयोगाच्या कार्यपद्धतीत ५० हजारांपेक्षा जास्त रोख आणि १० हजारांपेक्षा जास्त किमतीच्या भेटवस्तू यांवर नजर असते. नियमाचा रोख उमेदवार व कार्यकर्त्यांवर असला तरी व्यापारीही अडकतो. सोलापूर-बार्शीहून माल आणताना बिल, ई-वे बिल लागत असल्यास ते, आणि रोख असेल तर बँकेतून काढल्याचा पुरावा जवळ ठेवावा. जप्ती झालीच तर जिल्हा पातळीवर तीन अधिकाऱ्यांच्या समितीकडे दाद मागता येते. कोणाचा फोन लावून सुटका करून घेण्याची गरज नाही, कारण त्या फोनची किंमत नंतर द्यावी लागते.

तिसरी, मतदानाच्या दिवशी दुकानातील नोकरांना भरपगारी सुटी देणे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५-ब प्रमाणे बंधनकारक आहे. आमच्या कित्येक दुकानांत मालक मत देऊन येतो आणि पोरगा गादीवरच बसून राहतो. त्याचे मत तेवढ्याच मोलाचे आहे.

चौथी, मागण्यांचा एकच कागद करावा. त्यात गावाच्या तीन मागण्या आणि व्यापाराची एक. पाणीपुरवठा, गटारे व पुराच्या पाण्याचा निचरा, शाळा-दवाखाना, आणि मग बाजारपेठेची सोय. तो सर्व उमेदवारांना उघडपणे, सर्वांसमक्ष द्यावा. बंद खोलीत दिलेली मागणी बहुधा आपली एकट्याची असते.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची, निकालानंतर घरी बसू नये. राज्यातील बहुतेक नगरपरिषदांवर सुमारे चार वर्षे प्रशासक होते आणि विचारायला नगरसेवकच नव्हता. आता आहे. अंदाजपत्रकात पाण्यावर किती, रस्त्यावर किती, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने मागता येते. रोज संध्याकाळी गल्ला मोजणाऱ्या माणसाला नगरपरिषदेचा जमाखर्च वाचणे जड जाऊ नये.

व्यापारी बांधवांनो, निवडणुकीत आमची उधारी बुडाली तर ती एखाद्या हंगामात भरून निघेल. चुकीची साक्ष देऊन पाच वर्षे गेली तर ती भरून निघत नाहीत, आणि तिचा जाब आखिरतमध्ये द्यावयाचा आहे तो वेगळाच. अल्लाह आम्हा सर्वांना हलाल नफ्यात बरकत आणि अमानत हकदारापर्यंत पोहोचविण्याची तौफीक देवो. आमीन.